सोडियमला सुती हवं

२९ सप्टेंबर १९९७
बाटली रिकामी! आईनं माझा कोळसा मशेरी समजून दातांना लावला. लॅबचं दळायचं यंत्र बंद, म्हणून घरी आणून खलबत्त्यात कुटला आणि फळीवर तिच्या मशेरीशेजारीच ठेवला. चूक माझीच.

वर म्हणते, "दोन दिस झाले घासून राह्यले, पन तंबाखू मले लागतच नाही!"

आधी हसू आलं. मग रडले.

३० सप्टेंबर
लॅबमध्ये माझ्या गाइड सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. बॅटरीतल्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरतो, सोडियम शिरत नाही. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या हवा न लागू देता भाजून केलेल्या या कोळशात शिरला — ग्रॅममागे २१० मिलिअँपिअर-तास! पण एकदाच. "फरी बनाव," सर गुजरातीत म्हणाले, म्हणजे पुन्हा बनव. वीस तारखेपर्यंत तोच आकडा परत दाखवायचा, नाहीतर लिथियमवर जायचं. लिथियमवर सगळेच आहेत. मला सोडियमच करायचाय.

३ ऑक्टोबर
सुरतेत सुती चिंधी मिळेना! लिंबायतभर हिंडले. सगळ्या मागांवर पॉलिस्टर. ते भट्टीत वितळतं, हाती नुसता चिकटा.

८ ऑक्टोबर
गादीवाल्याचा कापूस — ८५. नवं मांजरपाट — ९२. बहुतेक वर्षानुवर्षं धुऊन विरलेलंच कापड लागतं. आईचं तसलं एकच लुगडं होतं, ते संपलं. जेवताना हे बोलून गेले. बोलायला नको होतं.

९ ऑक्टोबर
उठले तर आई कात्री घेऊन बसलेली. तिचं पांढरं लुगडं! दरवर्षी धम्मचक्र दिनाला विहारात नेसून जायचं ते. अर्धं कापून झालं होतं. मी ओरडलेच.

"मीच नासलं ना तुझं? मंग मीच भरून देते. रडू नको, दीप्ते. भट्टी लाव."

वर्षातून एकदा नेसलेलं, फारसं न धुतलेलं कापड. पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? भट्टी लावली.

११ ऑक्टोबर
नव्या कोळशाचा बॅटरी-सेल मोजायला लावला.

१४ ऑक्टोबर
विहारात सगळ्या बायका पांढऱ्या सुती लुगड्यांत. आई शेजारच्या लीलाकाकूंची पॉलिस्टरची साडी नेसून. निऱ्या सारख्या सुटत होत्या, ती सारखी खोचत होती. वंदनेत माझं लक्षच नव्हतं. तिचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं.

येताना रिक्षात तिनं विचारलं, "आले का दोनशे दहा?"

म्हटलं, दोन दिवस थांब.

१६ ऑक्टोबर
८८.

सरांना सांगितलं — लिथियम. आईला सांगितलं — दोनशे दहा.