पडता पडता गायलेलं कडवं

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा आडव्या अवस्थेतला नमस्कार. (एरवी वाकून केला असता, पण परवापासून पलंगावर आडवाच आहे, तेव्हा वेगळं वाकायचं कारण उरलं नाही.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची तब्येत? आणि त्यांचा घसा? त्यांच्या घशाची चौकशी मी आजवर कधी केली नव्हती. ती आज का करतोय, हे पत्र पुरं वाचलंस की कळेल, आणि त्यानंतर माझ्याकडे मान वर करून बघता आलं तर बघ. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण क्षेम वगैरे काही नाही. मी हादरलोय. पेन थरथरतंय, ते अक्षरावरून दिसत असेलच. (माझं अक्षर पहिल्यापासून असंच आहे, पण आजची थरथर खरी आहे.)

आमच्या ‘जोडगोळी’चा, म्हणजे माझा आणि लंबूचा, अल्बम निघतोय हे तुला माहीत आहे. इतकी वर्षं गावोगाव जे कार्यक्रम केले, त्यांच्या रेकॉर्डिंगमधून निवडक गाणी काढायची, आणि ती कुठेही न रंगवता, न घासता, प्रेक्षकांच्या खोकल्यासकट लोकांसमोर ठेवायची, अशी कंपनीच्या साहेबांची कल्पना. अल्बमला नावसुद्धा त्यांनीच दिलं, ‘जसंच्या तसं’. तर ही रेकॉर्डिंग होती भाऊजींकडे, कारण आमचा साऊंड तेच सांभाळतात. पाठीमागे टेबल टाकून बसायचं, बटणं वरखाली करायची आणि प्रत्येक कार्यक्रम टेप करून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. मी डबा मागायला आलो तेव्हा भाऊजी म्हणाले, ‘हं. पण कशाला उगाच?’ आता तूच सांग, तुझ्या लग्नापासून हा माणूस एका वेळी ‘हं’च्या पुढे गेलाय का? मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मला वाटलं, डब्यात बिस्किटं असतील.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना स्पंज चिकटवलेला, हवा खेळती नाही, आणि आत एक बारकासा मनुष्य, ज्याला सगळे कानसेन म्हणतात. हा मनुष्य जेवताना डाव्या बाजूने चावतोय की उजव्या, हे लांबून ऐकून सांगतो. मी आणि तो ऐकायला बसलो. ताई, काय सांगू, स्वतःचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं! काय तो गोडवा, काय त्या हरकती! मी कानसेनला म्हटलंसुद्धा, की बाबा रे, याला तयारी लागते, हे असं कुणालाही जमत नाही. तो मान डोलवत होता. (माझ्याबद्दल पेपरात आलं होतं आठवतं ना, ‘बोलताना घोगरा, गाताना मध’? मी ते कौतुक म्हणून वाचत होतो. तो पुरावा होता.)

मग आलं ते मैदानातलं रेकॉर्डिंग. त्या दिवशी स्टेजची एक फळी निखळली होती आणि मांडववाल्याने भोकावर काळं कापड पसरून विषय मिटवला होता. गाणं चाललं होतं माझं ते संथ, तुझ्या स्वयंपाकघरात बसून बांधलेलं (तू लसूण सोलत होतीस आणि दर ओळीला ‘पुढे?’ म्हणत होतीस). दुसऱ्या कडव्याला मी हात पसरून, डोळे मिटून, दोन पावलं मागे गेलो, आणि काखेपर्यंत स्टेजच्या आत. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. धाडकन आवाज, लोकांचं ‘आई गं!’, घाबरून लंबूचं गाणं बंद. आणि माझं? माझं चालू! संथ, सुरेल, श्वास न चुकता. ओळीच्या शेवटची ती वळणदार जागासुद्धा घेतली आहे, अगदी आरामात, उशीला टेकून घ्यावी तशी.

आता यावरही पेपरात आलं होतं, ‘पडला, पण गाणं सोडलं नाही’. ते कात्रण फ्रेम करून माझ्या दिवाणखान्यात आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते दाखवतो. इतक्या वेळा दाखवलं की आपण खरंच गायलो, असं मलाही वाटायला लागलं. पण कानसेनने ती जागा पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि अतिशय नम्रपणे विचारलं, की खाली पडताना माईक तोंडाशी होता का. आणि मला लख्ख आठवलं. माईकची वायर फळीत अडकून तुटली होती. माझ्या हातात नुसता दांडा होता. तोंडात काळं कापड गेलं होतं. आणि मी गात नव्हतो ताई, मी ‘ताई गं, ताई गं’ करून ओरडत होतो. (तू दोनशे मैलांवर होतीस. पण हाक काय पत्ता बघून मारतो का आपण?)

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि तिथे तर कुठली फळीसुद्धा निखळली नव्हती. मग गातंय कोण? भूत? पुढचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात मी शेवटचा सूर लांबवतोय, लांबवतोय, लोक टाळ्या पिटताहेत, आणि तोच सूर खाली उतरवून, त्याच आवाजात, त्याच श्वासात मी म्हणतो, ‘दाराशी निळी गाडी कुणाची आहे, ती काढा.’

माझा चांगला रंगलेला शेवट भाऊजींनी गाडीपायी नासवला म्हणून त्या दिवशी मी त्यांच्यावर केवढा चिडलो होतो! ते ‘हं’ म्हणाले होते. आता कळलं. गाडी काढायला सांगायचा जो माईक त्यांच्या टेबलावर असतो, त्याच्यावर हा मनुष्य इतकी वर्षं माझं गाणं गातोय! माझी बडबड संपली की माझा माईक बंद, त्यांचा सुरू. मी पुढे ओठ हलवतोय, नस फुगवतोय, घाम पुसतोय, आणि समोरच्या स्पीकरमधून जो आवाज येतोय तो ऐकून स्वतःवरच खूश होतोय. अगं, मी त्यांना एकदा सुरात कसं राहावं यावर व्याख्यान दिलंय!

सगळा डबा ऐकला. माझ्या घशाच्या ऑपरेशननंतरची एकूण एक गाणी त्यांची. ऑपरेशनच्या आधीची माझी आहेत, पण त्या जुन्या टेपांत इतकी खरखर आहे की अल्बममध्ये एकही घेता येत नाही. म्हणजे माझ्या अल्बमवर माझा एक सूर नाही. लंबूला फोन केला, तर तो म्हणाला, ‘बरं झालं बाबा, कळलं एकदाचं.’ आणि मी जेवलो का ते विचारलं. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही माहीत आहे. मला सोडून सगळ्या जगाला माहीत आहे.

आणि तू! दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं बघू. त्यावर तू भाऊजींना बाहेर व्हरांड्यात नेलंस आणि कितीतरी वेळ कुजबुजलीस. मला वाटलं, बिलाचं बोलताय. मग माझा पहिला कार्यक्रम झाला, तू पहिल्या रांगेत बसून ढसाढसा रडलीस, आणि घरी येऊन म्हणालीस, आवाज पहिल्यापेक्षा गोड झालाय. पण आता आठवतं, तू माझ्याकडे बघत नव्हतीसच. तू सारखी मागे वळून बघत होतीस. मी समजलो, हॉल भरला का ते बघतेस. स्वतःच्या भावाला इतकं फसवायचं? लहानपणी माझ्या वाटणीचं खायचीस तेसुद्धा सांगून खायचीस.

काल न्हाणीघराची कडी लावली, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ते संथ गाणं गायलो. मग ऐकलं. ताई, कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय असा तो आवाज आहे. शेजारचे येऊन विचारून गेले, सामान हलवताय का. मी हो म्हटलं. मग दार लावून खूप रडलो. रागाने नाही. तो आवाज गेलाय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

तेव्हा हा अल्बम निघणार नाही. साहेबांना मी आजच तसं कळवतोय, आणि तुझ्याशी माझा या क्षणापासून अबोला आहे. कंबरेला शेक देत जा.

तुझा (नाव न सांगण्याजोगा)
धाकटा

ता. क. अबोला पत्राच्या मजकुरापुरता आहे, ता. क.ला लागू नाही. साहेबांशी बोललो. सगळं खरं खरं सांगितलं. त्यांनी आधी डोळे पांढरे केले, मग पाणी मागितलं, मग म्हणाले, अल्बमचं नाव ‘जसंच्या तसं’ आहे ना, मग तसंच छापू. त्याप्रमाणे आत असं येईल: ‘गायक: लंबू आणि भाऊजी. मधली बडबड आणि पडणे: धाकटा.’ ते कात्रण मी भिंतीवरून काढलं होतं. पुन्हा लावलंय, बातमीत पडलो ते तरी खरं आहे.

आणखी एक ता. क. अल्बम बाहेर येईल त्या दिवशी मोठा कार्यक्रम आहे. त्यात भाऊजींनी पुढे, उजेडात, लंबूच्या शेजारी उभं राहून गायचं आहे. ते ‘हं’ म्हणतील. तो नकार असतो. व्हरांड्यात नेऊन कुजबुज, तुला जमतं ते. त्यांना सांग, स्टेजच्या फळ्या मी स्वतः तपासणार आहे.

शेवटचा ता. क. मागच्या टेबलाशी मी बसेन, बटणांचं मला शिकवून ठेवायला सांग. शेजारी तू बस. तो गाडीवाला माईक बंद ठेव आणि त्याचं बटण तुझ्या बोटाखाली असू दे, मी कितीही हात जोडले तरी दाबू नकोस. फक्त ते संथ गाणं आलं, की त्याच्या शेवटच्या कडव्याला, तेवढ्यापुरता, सुरू कर. मी हळूच गाईन. लोकांना वाटेल, कुणाची तरी गाडी काढायला सांगताहेत.