वैरागच्या पाहुण्यांसमोर सांगितलेले उत्पन्न रद्द होणेबाबत

प्रति,
मा. उत्पन्न पाहणी अधिकारी,
ग्रामीण कुटुंब उत्पन्न पाहणी कक्ष,
सोलापूर.

विषय: मौजे बोरकट्टी, ता. अक्कलकोट या गावाचे उत्पन्न पाहुणे नसताना पुन्हा मोजणेबाबत.
संदर्भ: आपण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला तक्ता.

महोदय,

मी नीलम्मा सिद्धप्पा बिराजदार, वय ६८, शिक्षण चौथी. अर्ज स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण गावात जे शिकलेले आहेत ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

१. आपल्या तक्त्यावर आमचे गाव कुठल्या कुठे गेले आहे. २०१५ साली घरामागे वर्षाला अडतीस हजार, २०२४ साली दोन लाख चाळीस हजार. तांबडी रेघ अशी चढली आहे की बघताना मान दुखते. एवढी भरभराट आमच्या दारावरून गेली आणि कुत्रेसुद्धा भुंकले नाही, याचे नवल वाटते.

२. आपले कर्मचारी श्री. अनिलकुमार यांनी पद्धत मला नीट समजावली होती. गावातली २१३ घरे कमी कमाईपासून जास्तीपर्यंत ओळीने लावायची, बरोबर मधले म्हणजे १०७ वे घर काय कमावते ते बघायचे, तेच गावाचे उत्पन्न. एखाद्याने कितीही फुगवून सांगितले तरी मधला आकडा हलत नाही, असे ते अभिमानाने म्हणाले. पद्धतीत खोट काढण्याइतकी मी शिकलेली नाही. पण एकजण खोटे बोलून हलत नसेल, तरी अख्खा गाव बोलला तर हलतो की. आमचा गाव दोन्ही वेळा बोलला.

३. २०१५ साली आपला माणूस आला तेव्हा पिवळी रेशनकार्डे नव्याने देणार अशी आवई होती. त्यामुळे सगळ्यांनी उत्पन्न खाली आणले. शेजारचे रेवणसिद्ध यांनी एकही म्हैस नाही असे सांगितले. त्या वेळी त्यांच्या दोन म्हशी आपल्या माणसाच्या पाठीमागेच ओरडत होत्या. त्याने वळून बघितले नाही. सरकारी माणूस कामात असला की कामातच असतो.

४. २०२४ साली श्री. अनिलकुमार आले त्या दिवशी माझी नात महेश्वरी हिला बघायला वैरागहून पाहुणे आले होते. गावात मोबाईलला रेंज फक्त माझ्या कट्ट्यावर येते, म्हणून ते तिथेच बसले आणि एकेका घराला बोलावून आकडे विचारू लागले. पाहुणे हातभर अंतरावर पोहे खात होते. आमच्याकडे पाहुण्यांसमोर गल्ली मुलीच्या घराच्या बाजूने बोलते. गरिबांच्या गावात कोण सोयरीक करील? शिवाय आदल्या दिवशी मीच दारोदार फिरून सांगितले होते, जरा गावाची शोभा राखा. गावाने लई राखली. रेवणसिद्ध यांनी आठ म्हशी सांगितल्या. मी स्वतः पाच लाख सांगितले आणि वर चहात साखर जास्त घातली.

५. पाहुण्यांनी ते सगळे ऐकले आणि चारचाकी मागितली. मी त्यांना बसस्टँडचा रस्ता दाखवला. महेश्वरीला त्याचे काहीच वाईट वाटले नाही. तिने त्याच आठवड्यात सोलापुरात नर्सिंगचा फॉर्म भरला आणि तिचा नंबरही लागला. आता वसतिगृहाने कळवले आहे की कमी उत्पन्नाच्या गावांच्या यादीतून बोरकट्टीचे नाव वगळले आहे, म्हणून फीमाफी बंद, आणि गावातल्या अकरा मुलींनी प्रत्येकी सेहेचाळीस हजार रुपये ३० जुलैपर्यंत भरावेत, नाहीतर खोल्या दुसऱ्यांना जातील. गाव श्रीमंत झाल्याचा हा पहिला फायदा. त्या अकरा घरांतल्या बायका मला नळावर बघितले की घागर अर्धी ठेवून जातात. त्यांचे चुकत नाही.

६. तरी आपण माणूस पुन्हा पाठवावा. त्याने माझ्या कट्ट्यावर न बसता घरोघर जावे, आणि दावणीला म्हशी किती आहेत त्या स्वतः मोजाव्यात. पहिले घर माझे लिहावे. चार एकर कोरडवाहू, त्यातली तूर, आणि मुलाची चादरीच्या कारखान्यातली मजुरी, सगळे धरून वर्षाला शहाण्णव हजार. हा आकडा मी आजवर सख्ख्या बहिणीलाही सांगितलेला नाही. आपण तो चावडीवर वाचून दाखवणार असाल तर वाचायला मीच उभी राहीन. लाज जाईल ती माझी जाईल, पण खोल्या पोरींच्या राहू द्याव्यात.

सध्यापुरती आपली नम्र,
नीलम्मा सिद्धप्पा बिराजदार
मु. पो. बोरकट्टी
दि. १४ जुलै २०२५

सोबत:
१) अकरा मुलींच्या प्रवेशाच्या कागदांच्या झेरॉक्स.
२) खरे उत्पन्न सांगायला तयार असलेल्या एकशे एकोणीस घरांच्या सह्या व अंगठे. उरलेल्यांकडे अजून पाहुणे यायचे आहेत, त्यांना नंतर विचारावे.