बाबांच्या शेव्हेलची सुधारणा

१२ एप्रिल, रविवार

निर्णय झाला. इंजिन बदलायचं. गिअरबॉक्ससुद्धा.

आज बाबांची शेव्हेल गाडी सरोवरापर्यंत फिरवून आणली आणि अक्षरशः वीट आला. पेट्रोलचा वास कपड्यांना, केसांना, दुपारच्या सँडविचला. मागे निळा धूर. सिग्नलला उभी राहिली की हिवताप आल्यासारखी थरथरते. कोपऱ्यावरच्या बाईंनी माझ्याकडे बघत खिडकी लावून घेतली.

सत्तर सालची गाडी. बाबांनी फाउंड्रीत ओव्हरटाइम करून नवी कोरी घेतलेली. ते वृद्धाश्रमात गेल्यापासून आमच्या गॅरेजमध्ये आहे. १७ ऑगस्टला त्यांना सत्त्याऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी शेव्हेलमधून सरोवराच्या धक्क्यावर जायचं, तिथल्या टपरीतला तळलेला पर्च मासा खायचा आणि परत यायचं, एवढंच त्यांनी मागितलंय. असल्या धुरांड्यात मी त्यांना बसवणार नाही.

गेलचं म्हणणं, पण चालतेय ना? बायको म्हणून तिचं ठीक आहे. पण हे ‘चालतेय ना’ ऐकलं की मला शिसारी येते. आमच्या मिशिगनचं वाटोळं या दोन शब्दांनी केलं.

मी एकतीस वर्षं शाळांच्या बसगाड्यांचं खातं सांभाळलं. चौसष्ट इंजिनं माझ्या हाताखाली होती. स्वतः बॉनेट उघडायची वेळ एकदाही आली नाही, कारण व्यवस्था चोख होती.

योजना: एप्रिलअखेर जुनं इंजिन बाहेर. मेअखेर नवं आत. जूनमध्ये पॉलिश. जुलै राखीव. लागणार नाही.

१८ एप्रिल

बाबांना भेटलो. योजना सांगितली.  ते म्हणाले, का?

मी मुद्दे सांगितले. चार गिअर, कॉम्प्युटर, पेट्रोल कमी, कडाक्याच्या थंडीत एका किल्लीत चालू. ते म्हणाले, ऑगस्टात कसली थंडी?

वयोमानाप्रमाणे मुद्दा पकडता येत नाही त्यांना. आश्रमातली कॉफी नेहमीप्रमाणे घाणेरडी.

२५ एप्रिल

एअर फिल्टर उघडला. आत उंदराचं घर. गाद्यांचा कापूस, मक्याचे दाणे, लेंड्या, आणि मालक स्वतः. मेलेला. हातमोजे घातले नव्हते. दोनदा साबण, एकदा रॉकेल, तरी जेवताना बोटांचा वास येत होता. गेलनं खिम्याचा मीटलोफ केला होता. खाल्ला नाही. तिला वाटलं मीटलोफबद्दल आहे.

समोरचा हार्लन येऊन उभा राहिला. चाळीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलेला माणूस. हातात थर्मास, तोंडात शब्द नाही. अर्ध्या तासानं म्हणाला, लायल, बोल्ट आधी तापव, मग फिरव. गंजलेत.

मी म्हटलं, बघतो.

तीन बोल्ट तुटले. गंज आहे, त्याला कोण काय करणार. हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओतणाऱ्यांना विचारा.

३ मे

जुनं इंजिन बाहेर! ठरल्यापेक्षा फक्त तीन दिवस उशीर. चेन-पुलीला लटकलेलं बघून किळस आली. काळं, चिकट, तेलानं ओघळलेलं. जुन्या खाटिकखान्यात बघावं तसं.

भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकलं. जुना गिअरबॉक्ससुद्धा. गेल म्हणाली, अरे, नवं चालेपर्यंत तरी ठेव. हार्लन ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत रस्त्यावर उभा होता. यांना परतीची सोय ठेवल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. मी तसा नाही.

९ मे

नवं इंजिन आलं. अपघातात सापडलेल्या पिकअपमधलं, गिअरबॉक्स, वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट. इंजिन झकास. वायरिंगच्या जुडग्यात मात्र आधीच्या मालकाची तंबाखूची पिंक, वाळून कडक झालेली. माणसं गाडीत कशी राहतात?

हार्लननं कॉम्प्युटरचा डबा हातात घेऊन विचारलं, याचं कुलूप काढून घेतलंस का? हे इंजिन आपल्या पिकअपची किल्ली ओळखतं. दुसरी चालत नाही त्याला. मी म्हटलं, हार्लन, इंजिन आहे ते, कुत्रा नाही. तो हसला नाही. विनोद कळायला वेळ लागतो काहींना.

संकल्प: रोज सकाळी सात ते अकरा काम. रविवारीसुद्धा.

२३ मे

मधले चौदा दिवस पाठ धरली होती.

आज इंजिन आत बसवलं. म्हणजे बसत नव्हतं. खालचं तेलाचं चेंबर पिकअपच्या मापाचं, खोल. चेसिसच्या आडव्या पट्टीवर आपटत होतं. हार्लन म्हणाला, चेंबर बदल, उथळ मिळतं. मी त्याहून सोपा मार्ग काढला. दोन्ही बाजूंना लोखंडी ठोकळे घालून अख्खं इंजिनच अडीच इंच वर उचललं. दहा मिनिटांत प्रश्न संपला. अशा वेळी अनुभव कामाला येतो.

नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब आहे. तेव्हा मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नव्या मापाचा लागणार. गाडी जॅकवरच होती, चाकं हवेत. लगेच टेप लावून माप घेतलं. हार्लननं थर्मासचं झाकण बंद केलं आणि म्हणाला, गाडी चाकांवर उभी असताना मोजतात. मी म्हटलं, टेप तीच आहे ना?

३१ मे

बॉनेट बंद होत नाही. अडीच इंच वर राहतं.

याचा ठोकळ्यांशी काही संबंध नाही असं नाही, पण खरा दोष बॉनेटचा आहे. त्या काळी डिझाइन करणाऱ्यांनी पुढचा विचार केलाच नाही.

उपाय: बॉनेटला भोक. इंजिन थोडं बाहेर डोकावेल. शौकीन लोक मुद्दाम करून घेतात.

७ जून

भोक पाडलं. कडा सुंदर आल्या आहेत.

उजवीकडे पाडायचं होतं, डावीकडे पडलं. खाली झोपून मोजलं आणि वर उभं राहून कापलं, त्यात उजवं-डावं झालं. आता इंजिनाचा उंच भाग अजूनही पत्र्याला टेकतो आणि शेजारी एक मोठं रिकामं भोक आहे, ज्यातून काहीच डोकावत नाही.

गेलला दाखवलं. ती घाईघाईनं घरात गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं हसणं ऐकू येत होतं. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला हे ऐकावं लागतं.

उजवीकडे दुसरं भोक पाडलं. आता दोन्ही बाजू सारख्या दिसतात. शांतपणे बघितलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

२१ जून, फादर्स डे

बाबांकडे गेलो. गाडीचं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, ऐंशी टक्के झालंय.

ते म्हणाले, नऊ वर्षांचा असताना तू माझं घड्याळ उघडलं होतंस. तेही ऐंशी टक्के झालं होतं.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा मोठ्यानं हसले. त्यांचा माझा काही संबंध नाही. दातांची कवळी ग्लासात, ग्लास माझ्या कोपराजवळ. उबग आला. लवकर निघालो.

२७ जून

वायरिंग. एकशे चौऱ्याण्णव वायरी मोजल्या. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. म्हणजे तीन. बाकीच्या कशाला? निम्म्या कापून टाकल्या. आता टापटीप दिसतं.

४ जुलै, स्वातंत्र्यदिन

अंगणात बार्बेक्यू ठेवलं होतं. गल्लीतले सगळे आले होते. हा मुहूर्त मुद्दाम निवडला. सगळ्यांना गॅरेजसमोर खुर्च्या टाकून बसवलं, चार शब्द बोललो आणि किल्ली फिरवली.

चालू झालं! पहिल्याच फटक्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन सेकंदांनी बंद पडलं. पुन्हा किल्ली. दोन सेकंद. पुन्हा. तीस वेळा तरी केलं असेल. टाळ्या तिसऱ्या वेळी थांबल्या. मग लोक हॉट डॉग आणायला म्हणून उठले आणि परत आलेच नाहीत. शेवटी बॅटरी बसली.

हार्लन खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, त्याला वाटतंय, चोरी झालीय. किल्ली ओळखीची नाही, म्हणून पेट्रोल बंद करतंय.

मी. जिल्ह्याच्या पाच हजार पोरांना एकतीस वर्षं वेळेवर शाळेत पोचवणारा मी. आणि एक पत्र्याचा डबा मला गल्लीसमोर चोर ठरवतो. हे आधुनिक तंत्रज्ञान. थुंकावंसं वाटतं.

११ जुलै

डबा ओहायोतल्या एका माणसाकडे पोस्टानं पाठवला. तो कुलूप काढून देतो. त्यानं फोनवर विचारलं, वायरिंग मूळचं आहे ना, कापलेलं नाही ना? मी म्हटलं, जवळजवळ मूळचं.

कापलेल्या वायरी आठवडाभर परत जोडतोय. सगळ्या काळ्या. कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढल्या, वर अंड्याची टरफलं आणि कॉफीचा चोथा. वायरी एकसारख्या रंगाच्या करणाऱ्यांना या कचऱ्यात कोपरापर्यंत हात घालायला लावलं पाहिजे.

२ ऑगस्ट

ओहायोहून डबा परत आला. इंजिन चाललं. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो. गेलला हाक मारली, तिनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. कबूल करतो, डोळे भरून आले. पेट्रोलच्या वाफेनं.

मग गाडी जॅकवरून खाली उतरवली, गिअर टाकला आणि रस्त्यावर काढायला निघालो. दारातल्या उंचवट्यावर चाक चढलं आणि खालून असा आवाज झाला की हार्लन आपल्या घरातून चपला न घालता बाहेर आला.

त्या मापानं करून आणलेला शाफ्ट लांब झाला होता. गाडीचं वजन चाकांवर आलं तसा तो पुढे सरकून गिअरबॉक्समध्ये घुसला आणि मागचं कव्हर तडकलं. मी खाली सरपटत बघायला गेलो. लाल, कोमट, गोडसर वासाचं तेल थेट तोंडावर. थोडं गिळलं.

संध्याकाळपर्यंत उलट्या. बाहेर हार्लननं ड्राइव्हवेवर मांजराच्या शौचपेटीत घालतात ती वाळू टाकून तेल झाकलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

६ ऑगस्ट

गेल हार्लनकडे जाऊन आली. मला न विचारता. अकरा दिवस राहिलेत, लायल, म्हणाली. वाढदिवस तुझा नाही, त्यांचा आहे.

मी हार्लनला परवानगी दिली. अट घातली की मुख्य रचना माझी राहील.

तो म्हणाला, बरं.

१३ ऑगस्ट

मुख्य रचनेतलं त्यानं काय काय काढलं: ठोकळे. चेंबर. शाफ्ट. माझं सगळं वायरिंग. ओळखीच्या गॅरेजमधून दुसरं कव्हर आणून गिअरबॉक्सला बसवलं. पेट्रोलचा पंप जुनाच ठेवला होता, तोही बदलला. त्याला म्हणे दाब पुरत नव्हता. सायलेन्सर त्या पिकअपचे लावले, दोन्ही. इंजिन खाली गेलं तसं बॉनेट आपोआप बंद झालं. दोन्ही भोकांवर पत्रे ठोकून काळा रंग दिला.

मी शेजारी खुर्ची टाकून देखरेख केली. काल तो म्हणाला, लायल, जरा उजेडातून बाजूला होतोस का?

आज गाडी गल्लीत दोन चकरा मारून आली. धूर नाही, वास नाही, थरथर नाही. मी म्हटलंच होतं.

१७ ऑगस्ट, सोमवार

दुपारी एकला आश्रमात पोचलो. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता, दाढी स्वतः केली होती, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. हार्लननं चालवली, कारण ट्यूनिंग अजून त्याच्या हाताखाली आहे. बाबा त्याच्या शेजारी. मी मागे. मागच्या सीटवर प्रौढ माणसाच्या पायांचा विचार केलेला नाही. गुडघे हनुवटीला लागत होते.

हार्लन वाटेत म्हणाला, इंजिन लायलनं बसवलंय. मी फक्त थोड्या वायरी जोडल्या.

हे त्यानं का सांगितलं मला कळलं नाही. मी दुरुस्ती केली नाही.

बाबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला होता. सरोवराच्या रस्त्याला लागलो, गाडीनं न कळत गिअर बदलला, सगळं लोण्यासारखं.  त्यांनी हात बराच वेळ उचलला नाही, डॉक्टर नाडी बघतात तसा तिथेच. मग म्हणाले, छान गाडी आहे, हार्लन. माझ्याकडेही अशीच एक होती.

मी मागून म्हटलं, बाबा, ही तीच आहे.

ते मागे वळले नाहीत. म्हणाले, नाही रे लायल. ती चालू असली की छातीत कळायचं.

हार्लननं रेडिओचं बटण हातात धरलं, पण लावला नाही.

धक्क्यावर पर्च खाल्ला. बाबांनी पूर्ण प्लेट संपवली, बोटं पुसली, पाण्याकडे बघत बसले. येताना त्यांना झोप लागली. आश्रमाच्या दारात हार्लननं त्यांना हात देऊन उतरवलं. मला मागच्या सीटवरून बाहेर पडायला वेळ लागला, तोवर ते आत गेले होते.

घरी गेलनं विचारलं, कसं झालं?

मी म्हटलं, वयोमानामुळे त्यांना नीट ओळखता आली नाही.  तिनं मासा गरम करू का, असं विचारलं. माझा निम्मा मी डब्यात घालून आणला होता.

गाडी उत्तम चालली. जाऊन-येऊन बावीस मैल, कुठेही अडली नाही.