करजणचं एकच खातं

आई, तू मला आयुष्यात एकदाच ‘तुम्ही’ म्हणालीस, तेही गुजरातीत. मकरपुऱ्याच्या औषध कारखान्यात तू कॉम्प्युटर विभागाची प्रमुख, आणि मी सर्व्हर विकायला आलेला, टाय आवळलेला सेल्स इंजिनीअर. बाजार नुकताच खुला झालेला, जो तो विलायती मशीनवर लट्टू. तुम्हाला हवं होतं ते गावोगावच्या विक्रेत्यांचा महिनाअखेरचा हिशेब एका दमात काढणारं मशीन. मी मात्र करजणच्या एका विक्रेत्याचं नाव टाईप केलं, आणि खातं टिचकीसरशी पडद्यावर! तुझे साहेब ‘वाह’ म्हणतात, मी छाती फुगवून तुझ्याकडे बघतो. तू चष्मा वर सारतेस. ‘एक खातं नको. तमे आखो महिनो चलावी बतावो.’ अख्खा महिना चालवून दाखवा म्हणे, कारखान्याच्याच डेटाच्या टेपवरून, सगळ्यांसमोर! दिवस मावळायला आला तरी काम संपेना. प्रोसेसर दणकट, पण डिस्क मोजक्याच. सगळा डेटा एकदम वाचायला गेलं की दारातच खोळंबा. मशीन नापास झालं.

तरसालीच्या घरी तू पोळ्या लाटत होतीस. मी ओरडलो, ‘लोक आपल्या पोरांना सांभाळून घेतात!’ तू लाटणं न थांबवता म्हणालीस, ‘अरे, एका पाहुण्याला झटपट वाढलं म्हणून पंगत उठत नाही. महिनाअखेरीला अडकतील ती माझ्या हाताखालची माणसं. त्यांना काय सांगू, माझा मुलगा होता म्हणून घेतलं?’ मी ताट सरकवून उठलो. पुढे ती नोकरी सुटली, तेव्हा मावशीपासून सगळ्यांना सांगत सुटलो, की आईनंच पोटावर पाय दिला. तुझ्या कानावर गेलं असणारच. तू कधी खुलासा केला नाहीस. फोनवर आपलं तेच, ‘जेवलास का रे?’

आता मशीन विकत घेणाऱ्यांच्या बाजूला मी बसतो. कुणी एकच खातं झटकन काढून दाखवलं, की माझी मान खाली जाते. लाज वाटते गं. हे पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. मशीन कमी पडेल याची कल्पना नव्हती, असंच मी आजवर सांगत आलो, बायकोलाही. होती, आई. आमच्या ऑफिसात मी आधीच तेवढा डेटा चालवून पाहिला होता. तरी ते घेऊन आलो, कारण समोर तू बसणार होतीस. आई आहे, गप्प बसेल, असं मी धरूनच चाललो होतो.