पाटावरचे पाने

खंडेनवमी, संध्याकाळ

अंगणातल्या जुन्या अँबॅसिडरचे सगळे पाने यांनी सकाळी स्वतः पाटावर मांडले, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. आज हत्याराला हात लावायचा नाही, हा नियमही यांचाच. दुपारी बघते तर बॉनेट उघडं, हातात पूजेतला पाना.

ओरडलेच. "अहो, पूजेतला पाना उचललात?"

"कसली पूजा? दसरा लांब हाय की अजून!"

चेष्टा वाटली. मग चेहरा पाहिला. सकाळचं काहीच आठवत नव्हतं. बोटाला कुंकू मात्र तसंच.

वर्षभर कार्बोरेटर खोलतात, जोडतात, परत खोलतात. मला वाटायचं, हट्टी माणूस. हट्ट नव्हताच का तो?

"हे तांबडं काय लागलंय गं?" यांनी बोट पुढे केलं.

मी पदराने बोट पुसून दिलं.