लिमातले दिवस आणि यवतमाळचा फोन

११ ऑक्टो., लिमा
आजही आभाळ भरलेलं. आपल्याकडं असं आभाळ आलं की माणूस अंगणातलं उचलाले धावते. इथं कोणी वर पाहतसुद्धा नाही. प्रज्ञा म्हणे, आई, इथं पाऊस पडतच नाही, नुसतं धुकं.

पोरीले नववा लागला. जावई रेनातो डोंगरातल्या खाणीवर इंजिनिअर, बाळंतपणाले येतो म्हणाला. त्याची आई ओल्गाबाई आम्हाले बाजारात घेऊन गेली. बटाटेच बटाटे. जांभळे, पिवळे, काही आल्यासारखे वेडेवाकडे. ती स्पॅनिशमध्ये सांगते, मी मराठीत हो म्हणते. जमते.

निघताना हे म्हणाले होते, पाहशील ते लिहून आण, मी नागपूरच्या पुढं काही पाह्यलं नाही. म्हणून हे लिहिणं.

काल ह्यांच्याशी बोलली. कपाशीवर बोंडअळी पडली, फवाराले माणूस भेटत नाही, मीच पंप घेतो म्हणाले. तोंडाले कापड बांधा म्हटलं तर हसले.

१४ ऑक्टो.
संग्रहालय. काचेमागं हजारो वर्षांचं कापड, रंग अजून जसेच्या तसे. एका काचेत कापसाची बोंडं, तपकिरी. रंगवलेली नाही, झाडालेच तशी येतात. किती वेळ उभी राह्यली. प्र. दमली, बाकावर बसून होती.

हे ह्यांना सांगावं म्हणून फोन केला. पोरानं, सचिननं उचलला. बाबा दिग्रसले गेले म्हणे. बाजाराचा दिवस नाही आज. काहून गेले विचारलं तर आवाज येत नाही, आवाज येत नाही.

१५ ऑक्टो.
ओल्गाबाईनं रविवारचं जेवण केलं. कच्चा मासा, लिंबाच्या रसात मुरवलेला, वर कांदा नि मिरची, बाजूले उकडलेलं रताळं. शिजवलाच नाही म्हटल्यावर घास घशाशी आला, पण ती तोंडाकडं पाहत होती. गिळला. दुसरा घास बरा लागला. तिसरा मागून घेतला. प्यायले जांभळ्या मक्याचं सरबत, लवंग-दालचिनीचं.

सचिन म्हणते बाबा झोपले. तिकडं सकाळ होती. हा माणूस दिवस उगवल्यावर कधी अंथरुणात नसते.

सुनेले फोन लावला. उचलला नाही.

१७ ऑक्टो.
समुद्रावरच्या कड्यावर बगिचा आहे, तिथं गेलो. खाली लाटा, लोक कागदाच्या पतंगासारखे कापडी छत्र्या बांधून उडून राह्यले. एका गाडीवर रताळ्याचे गरम वडे, वर काकवीसारखा पाक. प्र.नं घेतले आणि हातातच धरून बसली.

"आई, बाबा यवतमाळले भरती हायेत. फवारणीचं औषध लागलं."

कधीपासून?

तिले शुक्रवारपासून माहीत होतं. म्हणजे संग्रहालयात बाकावर बसली होती तेव्हा. कच्चा मासा खाताना. मी तिथंच, लोकांदेखत, नववा लागलेल्या पोरीले नाही नाही ते बोलली. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू इथून काय करणार होती?"



१८ ऑक्टो.
ह्यांच्याशी बोलणं झालं. सचिननं कानाशी फोन धरला. डोळ्यांपुढं सगळं पुसट दिसते म्हणाले. घाम थांबत नाही. शब्द ओढून ओढून.

मी येते म्हटलं. "येऊ नको. पोरीजवळ राय." मग, "आज काय पाह्यलं, सांग."

सांगितलं. बटाटे, तपकिरी कापूस, उडणारे लोक. कापसावर हुं म्हणाले. नर्सनं फोन ठेवाले लावला.

दुपारी ओल्गाबाई मले त्यांच्या येशूच्या मिरवणुकीले घेऊन गेली. सगळं गाव जांभळ्या कपड्यांत, धूप, बँड, पाय ठेवाले जागा नाही. तिनं ह्यांच्यासाठी मेणबत्ती लावली. नाव नीट उच्चारता येईना, तीनदा विचारून घेतलं माझ्याकडून. मी हात जोडले नाही. आमच्या सासऱ्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते सगळं सोडलं, ते सोडलंच. पण तिचा हात धरून उभी राह्यली. मनात त्रिशरण म्हटलं. परतताना बडीशेपेच्या वासाची चिकट मिठाई घेऊन दिली. चव कळली नाही.

२० ऑक्टो.
श्वासाचं यंत्र लावलं. डॉक्टर दोन दिवस पाहू म्हणतात. दोन दिवसांनी काय, ते सचिन सांगत नाही.

प्र.नं न विचारता तिकीट काढलं. उद्या संध्याकाळचं. म्हटलं, तुझ्याजवळ कोण? सासूकडं बोट करून म्हणाली, "ह्या आहेत ना." ओल्गाबाईनं मान हलवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ भांडी घासत राह्यली.

रेनातोचा फोन. डोंगरात रस्त्यावर दरड पडली, उशीर होईल.

जीव दोन ठिकाणी. हे बरे झाले तर म्हणतील, काहून आली. आणि नाही झाले तर

२१ ऑक्टो.
सकाळपासून प्र.ची कंबर दुखून राह्यली. खोट्या कळा आहेत म्हणते. मले तोंडावरून तसं वाटत नाही. अंगणवाडीच्या नोकरीत इतक्या दिवस भरलेल्या पोरी पाह्यल्या.

सचिनले फोन केला. तसंच आहे म्हणे. बरं नाही, वाईटही नाही.

बॅग दाराशी. टॅक्सी खाली येऊन उभी. प्र. बाथरूममध्ये, दार आतून बंद. हाक मारली.

"आई, थांब जरा."

ओल्गाबाई खिडकीतून वाकून टॅक्सीवाल्याले हातानं थांब म्हणून राह्यली. तो भोंगा वाजवते. मी दाराशी, उभ्यानंच लिहून राह्यली.