मचाणावर दोघांची जागा

५ एप्रिल २०२६, रविवार

मी, अरविंद दत्तात्रय पेठे, वय पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, जव्हार येथील धान्याच्या एका पेढीवर हिशेबनीस. बुद्धपौर्णिमेला मोखाड्याच्या जंगलात पाणवठ्यावर जी प्राणीगणना होते, तिच्या तयारीची नोंद राहावी म्हणून आजपासून ही रोजनिशी लिहितो. एका मचाणावर दोघे बसतात. माझ्यासोबतचे नाव दरवर्षी पत्नी सौ. शुभदा हिचे असते. यापुढे शु.

शु. सध्या नाशिकला, भावाकडे. दिवाळीनंतर आईच्या आजारपणासाठी गेली. महाशिवरात्रीच्या सुमारास आई गेल्या. दिवसकार्य उरकले, मी परतलो, ती राहिली. भांडण झालेले नाही. फोनवर विचारले तेव्हा म्हणाली, "मला इथं बरं वाटतंय." "बरं," म्हणालो आणि फोन ठेवला.

गणनेला ती येईल असे धरून चाललो आहे.

७ एप्रिल, मंगळवार

वनरक्षक भोये यांचा फोन. यंदाही पोशेऱ्याच्या वरचा पाणवठा आम्हांला.

"सर, दोघांची नावं टाकू ना?"

"टाका."

"मॅडमला सांगा, पाण्याकडं खूर उमटलंत. भेकराचं नाय, मोठं हाय. सांबर वाटतं."

इतक्या वर्षांत आम्ही भेकर पाहिले, रानडुकरे पाहिली, एकदा बिबट्या. सांबर नाही. शु.ला सांबरच पाहायचे आहे; दरवर्षी मचाणावरून उतरताना तिचे एकच वाक्य असते, "राहिलंच की." मचाणावर बोलण्यास मनाई, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या: मनगटावर एक बोट म्हणजे भेकर, दोन म्हणजे डुक्कर, सगळा तळहात म्हणजे बिबट्या. सांबराची खूण कधी ठरवलीच नाही.

फोन करून तिला हे सांगावे असे दुपारभर वाटत होते. केला नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

बुटांची तपासणी. एप्रिलात सागाची पाने पापडासारखी वाजतात, त्यामुळे तळवा महत्त्वाचा. पोतेभर पाने आणून ओटीवर पसरली. नवे चामडी बूट: चालताना करकरतात, बाद. जुने कॅनव्हासचे, रबरी तळव्याचे: आवाज पानांचा होतो, बुटांचा नाही. तेच घेणे.

शु.चे बूट माझ्या पायात येत नाहीत. हात घालून पाहिले. ओणवा होऊन तिचे बूट हातांनी पानांवरून चालवले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आवाज जवळजवळ नाही. तिची चालही अशीच, टाच आधी टेकवून.

शेजारच्या बाई फाटकातून पाहत होत्या. "काय हरवलंय का, पेठेकाका?"

नाही म्हणालो.

१२ एप्रिल, रविवार

कपडे. दोघांचेही खाकी, जुने. नव्या कापडाला खळीचा वास असतो. साबण पावडर नको, तिचा सुगंध दोन दोन दिवस राहतो. रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवले. शु.च्या सदऱ्याचे एक बटण सैल होते, ते पक्के केले.

तिचा जुना निळा रुमाल सापडला, मचाणावर बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगटावर गुंडाळायची तो. तोही रिठ्यात टाकला.

वारा पाहण्यासाठी चुलीची राख हवी. आपल्याकडे आता चूल कुठली. मागून आणली. वस्त्रगाळ करून दोन पुरचुंड्या बांधल्या, एक तिच्यासाठी.

१४ एप्रिल, मंगळवार

दुर्बिणी काढल्या. जुनी जड आहे, परंतु तिची भिंगे मोठी, संधिप्रकाशात तीच कामाची. नवी हलकी, शु. ती वापरते. दिवेलागणीला गच्चीवरून समोरच्या डोंगरावरचे एक झाड दोन्हींतून पाहत उभा राहिलो. जुनीतून ते बराच वेळ अधिक दिसत राहिले. शु.ला हे पूर्वीच सांगितले आहे. तिचे म्हणणे, "मान दुखवून पाहायचं असेल तर मी उजेडातच पाहीन."

दोन्ही घेणे.

१६ एप्रिल, गुरुवार

युसूफभाईंकडे. गाद्या, खोळी, पिशव्या शिवतात, बाजारात जुने दुकान. दोन पाठपिशव्या हव्यात, जाड सुती कापडाच्या. प्लॅस्टिक सरसरते म्हणून नको.

"चेन लावू?"

चेन वाजते.

"चिकटपट्टी?"

ती तर फाटल्यासारखी ओरडते.

"बटण?"

पत्र्याच्या डब्याला लागले की टिकटिक.

टेप गळ्यात टाकून युसूफभाई म्हणाले, "पेठेसाहेब, मग पिशवी बंद कशानं करू? दुवा देऊन?"

नाडी ठरली. पट्ट्यांच्या कड्यांनाही कापड गुंडाळणार. वहिनींची उंची विचारली. खांद्यापासून कमरेपर्यंतचे माप मी तोंडी सांगितले. हसले. "बायकोचं माप पाठ असलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं."

१८ एप्रिल, शनिवार

खाण्याचे. कांदा, लसूण वर्ज्य. दशम्या आणि गुळाचा खडा. गेल्या वर्षी शु.ने केल्या होत्या. मी आज करून पाहिल्या. कडक. चावताना आवाज होतो.

पुन्हा करून पाहणे.

२० एप्रिल, सोमवार

पिशव्या मिळाल्या. उत्तम काम. युसूफभाई उद्या कापसाच्या खरेदीला नाशिकला जाणार. शु.चे साहित्य त्यांच्याकडेच द्यावे असे ठरवले: बूट, खाकी जोडी, शाल, रुमाल, राखेची पुरचुंडी, तिच्या नव्या पिशवीत, प्रत्येक वस्तू वेगळ्या कापडात. म्हणजे ती परस्पर नाशिकहून गाडीने मोखाड्याला उतरेल, जव्हारपर्यंत येऊन पुन्हा मागे जाण्याचा त्रास वाचेल. दुर्बीण ठेवून घेतली, प्रवासात आदळेल.

सोबत काही लिहावे का, असा विचार आला. काय लिहिणार. पाहताच कळेल.

आज बऱ्याच दिवसांनी झोप चांगली लागेल असे वाटते.

२२ एप्रिल, बुधवार

युसूफभाई पेढीवर आले. उभ्या उभ्याच बोलले.

"वहिनींनी पिशवी उघडली. एकेक काढून पाहिलं. मग सगळं होतं तसं परत भरलं अन् आत नेऊन ठेवलं. मला चहा दिला. तुमचं काही विचारलं नाही."

नंतर आवाज उतरवून, "आत चिठ्ठी होती ना?"

नव्हती म्हणालो.

"पेठेसाहेब, बाई माहेरी बसलेली. तिचे कपडे, तिच्या वहाणा बांधून पाठवल्यात तिथं, अन् चिठ्ठी नाही? मला आधी कळतं तर मी हात लावला नसता."

मी म्हणालो, वहाणा नाहीत, जंगलातले बूट आहेत. ते गेले.

मग मी आकडे घालत बसलो. बेरीज जुळेना.

२३ एप्रिल, गुरुवार

सकाळी मिलिंदचा फोन. शु.चा धाकटा भाऊ. एरवी मोकळा माणूस.

"भाऊजी, ताईचं सामान पोचलं. उरलेलं कधी पाठवताय, की आम्हीच टेम्पो करून येऊ?"

मी त्याला गणनेचे सांगू लागलो, सांबराचे, गाडीच्या सोयीचे. त्याने ऐकून घेतले.

"हे तुम्ही मला सांगताय. तिला सांगितलंत?"

फोन तिला दे म्हणालो. ती घेत नाही म्हणाला. मागे तिचा आवाज येत होता, भावजयीशी भाजीबद्दल काही बोलत होती. हसली सुद्धा. हसणे संपेपर्यंत मी फोन कानाला धरून होतो. मिलिंदने तो केव्हाच बंद केला असेल अशी माझी समजूत होती. नव्हता केला. "ऐकलंत?" म्हणाला, आणि मग ठेवला.

२४ एप्रिल, शुक्रवार

काही नाही. कपाटाचा तिचा कप्पा. खाकी जोडीची जागा रिकामी. मीच केली.

२६ एप्रिल, रविवार

आज तिने फोन घेतला.

ती म्हणाली, "पिशवी चांगली शिवलीय. कड्यांनासुद्धा कापड लावलंय."

"युसूफभाईंनी."

"दुर्बीण तेवढी ठेवून घेतलीत."

आदळेल म्हणून, असे म्हणालो. तिने लांब श्वास सोडला. हसली की काय, ते समजले नाही.

"अहो, इतकं सगळं निवडून, धुऊन, बांधून पाठवलंत. एक शब्द टाकायला काय झालं होतं?"

"तुला कळेल असे वाटले."

"मला कळायचंच. इतकी वर्षं मीच कळून घेतेय. या वेळी नाही घेतलं."

मी सांबराचे सांगितले. खूर मोठे आहेत म्हणालो. ती ऐकत होती, हे नक्की; सांबराच्या नावाला तिचा श्वास थांबला, पाण्यावर प्राणी उतरला की थांबतो तसा; ते मला मचाणावरून माहीत आहे.

मग म्हणाली, "मचाणावर तुमच्याशेजारी गप्प बसायला मला आवडायचं. खरंच आवडायचं. पण आपण घरी यायचो आणि ते संपायचंच नाही. इथं सकाळपासून माणसं माझ्याशी बोलतात. मूर्खासारखं बोलतात, पण बोलतात."

शेवटी तीच म्हणाली, "ठेवते."

२८ एप्रिल, मंगळवार

तिला काय म्हणावे याचे कच्चे मसुदे केले. पहिला अर्जासारखा झाला. दुसऱ्यात "तथापि" दोनदा. फाडले.

भोये यांचा फोन. "सर, जोडीदार नक्की ना? एकट्याला मचाणावर बसवता येत नाय. साहेब ऐकायचं नायत."

नक्की आहे असे म्हणालो नाही. नाही असेही म्हणालो नाही.

३० एप्रिल, गुरुवार

माझी पिशवी भरली. टॉर्चच्या काचेवर लाल कागद चिकटवला. स्टीलच्या बाटलीवर जुन्या स्वेटरची बाही चढवली. पेन्सिली. गोधडी. दशम्या आज मऊ झाल्या. पिशवी पाठीवर घेऊन ओटीवरच्या पानांवरून चाललो. काही वाजले नाही. पुन्हा चाललो. घरात माझा काडीइतकाही आवाज होत नव्हता, आणि मला तिथे उभे राहवेना.

पाने झाडून टाकली.

१ मे, शुक्रवार. मोखाडा

सकाळच्या गाडीने आलो. चौकात झेंडावंदनाची गडबड. भोये खात्याच्या गणवेशात, इस्त्री कडक, घामाने आधीच भिजलेले. त्यांच्या हाती माझी पिशवी आणि दोन्ही दुर्बिणी दिल्या.

"हे काय? तुम्ही बसत नाय?"

नाशिकला जाऊन येतो म्हणालो.

त्यांनी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. भोये यांना कोणी काही सांगितलेले नाही, पण इथल्या बाजारात कोणाचे काय दडते. "चार वाजता समदे चढणार, सर. त्याच्या मागून कुणाला आत सोडता येत नाय. नावं कापू का?"

"चारपर्यंत राहू द्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ते मान हलवून म्हणाले, "मॅडमला सांगा, काल पण आलतं पाण्यावर. ओली माती हाय, खूर तसंच हायत."

हे मी तिला सांगणार नाही, निदान आधी नाही. सांबराचे नाव काढले तर ती कदाचित येईल, आणि मचाणावर आम्ही पुन्हा दोघे न बोलता शेजारी बसू, पहाटेपर्यंत, उत्तम प्रकारे. त्यासाठी मला तिच्या दाराशी जायचे नाही. बोलायला जायचे आहे. घरातले, आईंचे, तिला रोज काय काय वाटते त्याचे, मला काय वाटते त्याचेही. ते मला कधी जमलेले नाही, आणि ते आजच जमेल असे मानण्यास काही आधार नाही. ती दार उघडेल का, तेही माहीत नाही. मिलिंद उघडेल. तो टेम्पोचे विचारील.

फलाटावर बसून लिहितो आहे. सोबत काही घेतलेले नाही. खिशात तिकिटापुरते पैसे आणि ही वही. शेजारी त्र्यंबकला निघालेल्या एक आजी बसल्या आहेत. त्यांनी विचारले, "कुठं, नाशिकला? पोराकडं?"

"बायकोकडे," म्हणालो.

"आजारी हाय का?"

"नाही. रागावली आहे."

आजींनी मान डोलावली आणि सरकून मला सावलीत थोडी जागा करून दिली. एवढे मी कोणाला आजवर सांगितले नव्हते.

गाडी लागली. तिच्याशी बोलायचे पहिले वाक्य अजून सापडलेले नाही.

अरविंद दत्तात्रय पेठे
मोखाडा, १ मे २०२६